१९७५: एका वर्षाचं परीक्षण, दहाव्या चित्रपटापर्यंत

सिनेमाचं सर्वांत चांगलं वर्ष कोणतं, हा वाद हॉलिवूडचे चाहते १९३९पासून सुरू करतात. 'गॉन विथ द विंड', 'द विझर्ड ऑफ ऑझ' आणि 'स्टेजकोच' एकाच वर्षात आले, त्यामुळे त्यांचा दावा भक्कम आहे. त्याच वर्षी पुण्यात प्रभातने शांतारामबापूंचा 'माणूस' काढला होता, हे मात्र त्या वादात कुणी धरत नाही. हिंदीपुरतं बोलायचं तर सामना दोन वर्षांत आहे, १९५७ आणि १९७५. आमचा कौल १९७५ला. निकाल अटीतटीचा आहे आणि काही बाबतींत १९५७ स्पष्ट पुढे आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

आधी तारखेचा गोंधळ मिटवायला हवा, कारण निम्मे वाद तिथेच फसतात. एखादा चित्रपट कोणत्या वर्षाचा, याची तीन उत्तरं असू शकतात: सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष, प्रदर्शनाचं वर्ष आणि पुरस्काराचं वर्ष. गुलजारचा 'मौसम' डिसेंबर १९७५ अखेरचा. राष्ट्रीय पुरस्कारांत तो १९७५चा धरला गेला आणि शर्मिला टागोरला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरने मात्र तो पुढच्या वर्षात मोजला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवला. 'छोटी सी बात' काही याद्यांत १९७५मध्ये दिसतो, काहींत १९७६मध्ये. जब्बार पटेलांचा 'सामना' कुठे १९७४चा म्हणून नोंदलेला आहे, तरी बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत तो १९७५ साली होता. नियम एकच ठेवावा: चित्रपटगृहात आला ते वर्ष. त्या नियमाने 'मौसम' आत आणि 'छोटी सी बात' बाहेर.

दुसरा नियम मोजणीचा. दोन्ही वर्षांचे पहिले दोन चित्रपट बाजूला काढून ठेवायचे. 'प्यासा' आणि 'मदर इंडिया' एकीकडे, 'शोले' आणि 'दीवार' दुसरीकडे, ही झुंज आयुष्यभर सुटणार नाही. वर्षाचा खरा कस तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत लागतो. जेमतेम दोन शिखरं असलेली वर्षं हिंदीत अनेक सापडतात, पण दहाव्या चित्रपटाकडेही आज आपणहून जावंसं वाटेल अशी वर्षं फार थोडी आहेत.

१९५७चे दहा असे: 'प्यासा', 'मदर इंडिया', 'दो आँखें बारह हाथ', 'नया दौर', 'तुमसा नहीं देखा', 'नौ दो ग्यारह', 'मुसाफिर', 'देख कबीरा रोया', 'पेइंग गेस्ट', 'शारदा'. १९७५चे दहा: 'शोले', 'दीवार', 'निशांत', 'आँधी', 'मौसम', 'चुपके चुपके', 'मिली', 'खुशबू', 'ज्यूली', 'जय संतोषी माँ'.

पहिली फेरी १९५७ निर्विवाद जिंकतं. तिथे दहा चित्रपटांना दहा वेगळे दिग्दर्शक आहेत. त्यातले तिघे, नासिर हुसेन, विजय आनंद आणि हृषीकेश मुखर्जी, त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. पुढची वीस वर्षं हिंदी सिनेमा ज्यांच्या खांद्यावर चालला त्यांतल्या तिघांची सुरुवात एका वर्षात व्हावी, हे पुन्हा घडलेलं नाही. १९७५च्या यादीत मात्र दिग्दर्शक सातच भरतात, कारण तीन चित्रपट एकट्या गुलजारचे आणि दोन हृषीदांचे.

मराठी माणसाच्या दृष्टीने १९५७ची आणखी एक बाजू जड आहे. 'दो आँखें बारह हाथ'ची पटकथा गदिमांची आणि संगीत वसंत देसाईंचं. त्यामागचा प्रयोग औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा, तोही आपल्याच आटपाडी भागातला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि बर्लिनचं रौप्य अस्वल त्याने मिळवलं. या एका चित्रपटासाठी १९५७ला मत देणाऱ्याशी भांडायची आमची इच्छा नाही.

दुसरी फेरी संगीताची, आणि तीही १९५७चीच. एकट्या सचिनदा बर्मनांकडे 'प्यासा', 'नौ दो ग्यारह' आणि 'पेइंग गेस्ट'. ओपी नय्यरकडे 'नया दौर' आणि 'तुमसा नहीं देखा'. मदन मोहनकडे 'देख कबीरा रोया'. १९७५मध्येही पंचमचं, म्हणजे राहुलदेव बर्मनचं, काम भरपूर आहे आणि 'आँधी' तर आहेच, पण सरासरी काढली तर तुलना होत नाही.

मग १९७५ जिंकतं कुठे? तिसऱ्या फेरीत. गाणी वगळून चित्रपट बघायचा, खरोखर रिमोटने पुढे ढकलत, आणि काय उरतं ते पाहायचं. 'तुमसा नहीं देखा' आणि 'पेइंग गेस्ट' या कसोटीत पातळ होतात. शम्मी कपूरचा जोम आणि नूतनचा चेहरा उरतो, पण गोष्ट हाताला लागत नाही. 'देख कबीरा रोया'तला नायक-नायिकांच्या अदलाबदलीचा खेळ तग धरतो, तरी गाण्यांमधल्या जागा भरल्यासारख्या वाटतात. उलट 'दीवार'मधून गाणी काढली तर चित्रपटाला सुटल्यासारखं वाटतं. 'निशांत'मध्ये हिंदी चित्रपटासारखी गाणी नाहीतच. 'चुपके चुपके' संवादांवर उभा आहे आणि ते संवाद गुलजारचे. 'मौसम'मध्ये मदन मोहनच्या चाली आहेत आणि त्या अप्रतिम आहेत. मदन मोहन त्याच वर्षी जुलैत गेला. तरीही चित्रपट पेलून धरते ती आई आणि मुलगी अशी शर्मिलाची दुहेरी भूमिका आणि त्या भूमिकेचं लेखन.

आमच्या मताचं कारण इथेच आहे. १९५७ हे दिग्दर्शकांचं आणि संगीतकारांचं वर्ष, तर १९७५ लेखकांचं. 'शोले' आणि 'दीवार' सलीम-जावेदचे. 'आँधी', 'मौसम', 'खुशबू' आणि 'चुपके चुपके'वर गुलजारचा हात. 'निशांत'ची पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी सिनेमात लेखक नेहमीच शेवटच्या रांगेत बसवला जातो. त्या वर्षी मात्र तीन लेखणींनी जवळजवळ सगळं वर्ष व्यापलं आणि तिन्हींची वाट एकमेकींहून अगदी वेगळी होती. दहा दिग्दर्शकांची विविधता मोठी आहे, हे मान्य. पण संगीत बंद करूनही चालणारं वर्ष आम्हाला वरचढ वाटतं.

आता याच वर्षाचा सर्वांत श्रीमंत भाग. 'शोले', 'निशांत' आणि त्यांच्या शेजारी 'सामना' ठेवून पाहा. तिन्हींत एक गाव आहे आणि त्या गावावर एका माणसाची किंवा एका घराची दहशत आहे. रामगढात दहशत बाहेरून, डोंगरातून येते, म्हणून तिचा उपायही बाहेरून आणता येतो: दोन भाडोत्री शूर. 'निशांत'मध्ये दहशत गावातल्याच जमीनदाराच्या वाड्यात राहते आणि शिक्षकाची बायको उचलून नेली तरी कायदा, पोलीस, कलेक्टर कुणीच हलत नाही. शेवटी लोक उठतात, पण तो उठाव दोषी-निर्दोष पाहत नाही. ज्या बाईसाठी सगळं सुरू झालं तीही वाचत नाही. 'सामना'त साखर कारखाना, सहकार आणि हिंदुराव धोंडे पाटलाचा शब्द यांतून सत्ता उभी आहे. तिला धक्का देतो तो दारूच्या नशेतला एक मास्तर, मारुती कांबळे कुठे गेला एवढंच पुन्हा पुन्हा विचारत. निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर आले की शोलेतल्या बंदुकांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

'निशांत' आणि 'सामना' दोन्ही तेंडुलकरांनी लिहिले. एकाच लेखकाने एवढ्या थोड्या काळात गावगाड्यातल्या सत्तेची अशी दोन उत्तरं द्यावीत, आणि त्याच वेळी देशातला सर्वांत लोकप्रिय चित्रपटही तोच प्रश्न हाताळत असावा, अशी वेळ दुसऱ्या वर्षात दाखवता येत नाही. 'सामना' मराठी म्हणून हिंदीच्या दहात मोजलेला नाही. मोजला असता तर फरक वाढलाच असता. 'पांडू हवालदार'ही त्याच वर्षीचा, दादा कोंडक्यांचा. त्यात सत्तेची वर्दी घातलेला माणूस चेष्टेचा विषय होतो, म्हणून तो या तिघांनंतर पाहायला चांगला.

वर्षाला मधोमध एक रेषाही आहे. २५ जून १९७५ला आणीबाणी लागली. 'दीवार' जानेवारीत आला, 'आँधी' फेब्रुवारीत, 'चुपके चुपके' एप्रिलमध्ये आणि 'शोले' १५ ऑगस्टला. 'आँधी' आणीबाणीत बंद झाला आणि १९७७च्या सत्तांतरानंतर पुन्हा मोकळा झाला. 'शोले'चा शेवट सेन्सॉरच्या सांगण्यावरून बदलावा लागला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, तर प्रदर्शित शेवटात पोलीस येऊन त्याला थांबवतात. हा बदल नुसता दोन मिनिटांचा नाही. मूळ शेवटाने 'शोले' सरकून 'निशांत'च्या जवळ जातो, कारण कायदा तिथेही उशिराच पोचतो. अमृत नाहटांच्या 'किस्सा कुर्सी का' या राजकीय उपहासपटाच्या प्रती आणि निगेटिव्ह नष्ट करण्यात आल्या, त्यामुळे त्याचं मूळ रूप आता कुणालाच पाहता येणार नाही. नंतर आला तो नव्याने केलेला चित्रपट.

'जय संतोषी माँ'बद्दल नाक मुरडणाऱ्यांनी तो एकदा नीट पाहावा. कमी पैशांत केलेला, युक्त्या भाबड्या. पण प्रेक्षक चपला बाहेर काढून आत बसत, पडद्यासमोर आरती ओवाळत. उषा मंगेशकरांच्या आवाजातल्या आरतीने तो घराघरांत गेला. वर्षाचा पल्ला मोजताना शोलेइतकंच हेही वजन आहे. 'ज्यूली'ला राजेश रोशनच्या संगीतासाठी आणि लक्ष्मीच्या भूमिकेसाठी मान द्यावा, बाकी तो आज जड जातो. 'खुशबू' बंगाली कादंबरीकार शरदबाबूंच्या (शरदचंद्र चट्टोपाध्याय) कथेवरचा, शांत, आणि गुलजारच्या तिघांत सर्वांत दुर्लक्षित.

या वर्षाचे दोष आहेतच. 'जमीर', 'फरार', 'वॉरंट' यांच्यासारखे ठराविक साच्याचे चित्रपटही भरपूर आले. 'चुपके चुपके' बंगालीवरून आणि 'ज्यूली' मल्याळमवरून घेतलेला, हेही नोंदवायला हवं. 'शोले'ला फिल्मफेअर मिळाला तो एकच, संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. पण त्या दोषापायी गुण 'शोले'चे कापायचे नाहीत.

आता पाहायचं कसं. इथे पाहणाऱ्याची सर्वांत जास्त फसगत होते, कारण वाईट प्रत पाहून लोक वर्षालाच नापास करतात.

१९५७चे बहुतेक चित्रपट कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी चौकटीत आहेत, रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट. आजच्या रुंद टीव्हीसाठी काही प्रतींत वरून-खालून कापून १.७८ केलं जातं. म्हणजे उंचीचा जवळपास चौथा भाग गेला. 'प्यासा'त छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी डोक्यावर सोडलेला काळोख त्यातच नाहीसा होतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसत असतील तीच प्रत बरोबर, त्या पट्ट्या घालवायला झूम दाबू नये.

१९७५च्या चित्रपटांचा त्रास वेगळा. त्या काळच्या रंगीत फिल्ममधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि उरतो तो गुलाबी-लालसर चेहरा. जुन्या प्रतीवरून केलेल्या नकलेत आकाशही तांबूस दिसतं. टीव्हीची रंगमात्रा कमी करून हे सुधारत नाही, उलट सगळंच राखाडी होतं. दुसरी प्रत शोधणं हाच उपाय.

लांबीकडेही लक्ष ठेवा. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणजे ४ टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढतो. १९८ मिनिटांचा चित्रपट १९० मिनिटांत संपला तर दृश्य कापलंच असं समजू नये. पण त्याहून कमी भरला तर कात्री लागली आहे, आणि बहुधा गाणं गेलेलं असतं. 'शोले'चा मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. निवड असेल तर तीच पाहावी. तो ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीवर वाढवलेला चित्रपट आहे, मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून जास्त चालला तो त्या आकारामुळेही. फोनवर पाहून त्याचं मत बनवू नये.

क्रमही महत्त्वाचा. दहा चित्रपट पाच बैठकांत, दर बैठकीला दोन. 'दीवार' आणि 'आँधी' आधी, आणीबाणीच्या रेषेच्या अलीकडचे. मग 'चुपके चुपके' आणि 'मिली', हृषीदांच्या चित्रपटांतलं हसू आणि मृत्यू एकाच बैठकीत. तिसऱ्या बैठकीत 'जय संतोषी माँ' आणि 'ज्यूली'. चौथ्या बैठकीत 'निशांत' आधी आणि 'शोले' नंतर, उलटं केलं तर 'शोले'च्या आवाजापुढे 'निशांत' हळू वाटतो आणि त्याच्यावर अन्याय होतो. 'सामना' मिळाला तर याच दोघांच्या मध्ये घाला, पण मग 'शोले' दुसऱ्या दिवसावर ढकला. शेवटी 'खुशबू' आणि 'मौसम'. एका दिवसात तीन चित्रपट कोंबू नका, 'मौसम'ला तर नंतर काहीच लावू नये.

'मौसम' फिल्मफेअरप्रमाणे १९७६मध्ये टाकला, तर दहावी जागा 'अमानुष'ला द्यावी लागेल. उत्तम कुमार आणि किशोरच्या आवाजामुळे तो ती जागा राखतो, पण मग फरक इतका कमी उरतो की १९५७वाल्यांना पुन्हा मोजणी मागायचा पूर्ण हक्क आहे.