डायमंड इन्फिनिट एज प्रो : एल्कच्या जंगलासाठी बनलेलं धनुष्य नागपुरात कसं वागतं

चार-पाच मित्रांनी पैसे घालून पहिलं कंपाउंड धनुष्य (टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं) घ्यायचं ठरवलं असेल, तर हे डोळे झाकून घ्या. 50 मीटरच्या स्पर्धेत उतरायचं असेल, तर यावर पैसे घालू नका, थोडं थांबून लांब टार्गेट बो घ्या. ओजस देवतळे या आपल्या नागपूरच्या मुलाने 2023 मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेऊन जागतिक विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून ‘ओजससारखं धनुष्य कुठे मिळेल’ असं विचारणारे बरेच झालेत. हे ते नव्हे. हा हंटिंग बो, म्हणजे शिकारीचं धनुष्य आहे, आणि तो कशासाठी बनलाय हे कळल्याशिवाय त्याचे गुण-दोष कळत नाहीत.

आकडे आधी. कॅमच्या एका आसापासून दुसऱ्यापर्यंत 31 इंच, ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) 7 इंच, नुसत्या धनुष्याचं वजन 3.2 पाउंड, ड्रॉ लेन्ग्थ (दोरी किती लांब ओढली जाते) 13 ते 31 इंच, ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) 5 ते 70 पाउंड, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा जोर) 80 टक्के. कंपनीने सांगितलेला बाणाचा वेग सेकंदाला 310 फूट.

आता एल्क, म्हणजे एक मोठं हरीण. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातला नर एल्क सहज 300 किलोंचा असतो आणि सप्टेंबरमध्ये माजावर येतो. पहाटे दरीत त्याची शिटीसारखी चिरत जाणारी हाळी ऐकू येते. तिथले धनुर्धारी जोडीने जातात. बाण मारणारा पुढे बसतो आणि मादीचा आवाज काढणारा मित्र त्याच्या 30 ते 50 यार्ड (1 यार्ड म्हणजे 3 फूट) मागे. नराचं लक्ष आवाजाकडे असतं, म्हणून तो मागच्याला शोधत पुढच्याच्या अंगावरून आडवा जातो. वारा नराकडून आपल्याकडे वाहत असला पाहिजे. स्वच्छ हवेत पहाटे वारा उतारावरून खाली वाहतो, ऊन तापलं की वर चढतो. हे चुकलं की नराला वास लागतो आणि सगळं संपतं. बाण मारायचं अंतर बहुधा 20 ते 40 यार्ड. नर झाडाआड थबकला, तर दोरी ओढलेल्या अवस्थेत मिनिटभरसुद्धा थांबावं लागतं. गुडघ्यावर बसून, फांद्यांत न अडकता दोरी ओढता यावी म्हणून धनुष्य आखूड. ओढून थांबता यावं म्हणून लेट-ऑफ मोठा : 65 पाउंडांवर लावलेलं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात फक्त 13 पाउंड उरतात.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. पेंचचं चितळ असो की काटोलच्या शेतातली नीलगाय, या धनुष्याने कशाचीही शिकार करायची नाही. इथे त्याचा उपयोग लक्ष्यभेदाचा, आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या ठिकाणी रीतसर लायसन्स काढून जाणाऱ्यांच्या तयारीचा. कोलोरॅडोत धनुष्य किमान 35 पाउंडांचं लागतं आणि 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र लागतं. ते हाती नसेल तर सहसा लायसन्सच मिळत नाही, म्हणून आधी तेवढं पाहा.

या धनुष्याची खरी कमाई म्हणजे जुळवणी. बहुतेक धनुष्यांना मोठा बदल करायला बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागते. इथे अ‍ॅलन कीच्या संचावर भागतं. हातांचा पसारा, म्हणजे दोन्ही हात फैलावून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, इंचांत मोजा आणि 2.5 ने भागा. पसारा 68 इंच असेल तर ड्रॉ लेन्ग्थ साधारण 27 इंच. अंदाज दोन आकड्यांत अडकला तर लहान आकडा धरा. लांब ड्रॉमध्ये डावा खांदा वर सरकतो, कोपर ताठ होतं आणि दोरी बाहीला लागते. नंतर कॅमवरचे मॉड्यूल (ड्रॉ लेन्ग्थ ठरवणारे तुकडे) सैल करून खुणेवर फिरवा. वरच्या आणि खालच्या कॅमवर मॉड्यूल आणि ड्रॉ स्टॉप (ओढलेली दोरी अडवणारे खुंटे) अगदी एकाच खुणेवर हवेत. एक खूण जरी इकडे-तिकडे झाली तर ओढताना भिंत (दोरी ठाम अडते ती जागा) लागत नाही, रबर ओढल्यासारखं वाटतं आणि बाण वर-खाली पडतात. तपासायला मित्र बाजूला उभा करा : तुम्ही बाण लावून लक्ष्याकडे तोंड करून हळूच ओढा, दोन्ही स्टॉप एकाच क्षणी टेकतात का ते त्याने पाहायचं.

ड्रॉ वेट कमी करायला लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) धरणारे बोल्ट वर-खाली सारखेच फिरवा, वरचा एक फेरा तर खालचाही एकच. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपलीकडे सोडू नका, लिंब खाचेतून निसटलं तर जीवावर बेततं. आणखी एक. 70 पाउंड सगळ्या लांबींवर मिळत नाहीत. बारक्या मुलासाठी ड्रॉ छोटा केला की जास्तीत जास्त ड्रॉ वेटही उतरतं. हे चांगलंच आहे, पण विकणारा सांगत नाही. स्पर्धेत उतरवायचं असेल तर वर्ल्ड आर्चरीची (जागतिक तिरंदाजी संघटनेची) मर्यादा 60 पाउंडांची आहे, तेव्हा स्केल लावून मोजा.

मित्रांमध्ये वाटून वापरणार असाल तर आधीच एक ठरवा : धनुष्य एका महिन्यात एकाच्याच मापावर राहील. माप बदललं की पीपची (दोरीतल्या नेम धरायच्या छिद्राची) उंची बदलते, नेमाच्या पिनांची अंतरं बदलतात, सरावाचे सगळे हिशेब नव्याने मांडावे लागतात. रोज बदलणाऱ्यांपैकी कोणाचाच नेम बसत नाही. ज्यांची ड्रॉ लेन्ग्थ अर्ध्या इंचात सारखी आहे, त्यांनी एकत्र यावं हे उत्तम.

बाणांवर काटकसर नको. 70 पाउंडांवर बाण किमान 350 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) हवा, म्हणजे पाउंडाला 5 ग्रेन. त्याहून हलका बाण म्हणजे बाण न लावता रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाणं, त्याने धनुष्य मोडू शकतं. 60-65 पाउंड आणि 28-29 इंचांच्या बाणाला 340 किंवा 400 स्पाइन (बाणाच्या ताठपणाचा आकडा, जितका मोठा तितका बाण मऊ) चालतो. 500 स्पाइनचा बाण खूप वाकतो, सुटताना पोट काढतो आणि कागदातून पास केला तर आडवी चीर दिसते. 440 ग्रेनचा बाण 65 पाउंड आणि 29 इंचांवर साधारण 250 फूट प्रति सेकंद जातो. बाणाची ऊर्जा म्हणजे ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240 : सुमारे 61 फूट-पाउंड. एल्कवाले 50 च्या पुढचा आकडा पसंत करतात, त्यामुळे ताकदीला कमतरता नाही. डब्यावरचे 310 मात्र 30 इंच, 70 पाउंड आणि 350 ग्रेन बाणावर मोजलेले असतात, ते स्वतःचे समजू नका. प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी तो हलका वाकवून कानाशी धरा, कार्बन फुटला असेल तर किरकिर ऐकू येते. तसा बाण फेकून द्या, तो सुटतानाच हातात घुसू शकतो.

सोबतच्या किटमधली पिन साइट (नेमाच्या पिना) आणि ब्रशचा रेस्ट (बाण टेकायची जागा) सुरुवातीला पुरेसा आहे. ब्रशमध्ये बाण खाली पडत नाही. पण पिसांना सारखं घासल्याने ती झिजतात, म्हणून वर्षभराने ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणाऱ्या) रेस्टचा विचार करा. रिलीज (दोरी सोडायचं साधन) वेगळा घ्यावा लागतो. मनगटावर बांधायचा ट्रिगरवाला घ्या आणि तर्जनीने हिसका न देता पाठीच्या ताणाने सुटू द्या.

नागपूरच्या उन्हाचं काय, हा प्रश्न दुकानदार टाळतो. मे महिन्यात पारा 45 वर असताना बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवलं तर दोरीचे धागे हळूहळू लांबतात. पहिलं लक्षण पीपमध्ये दिसतं : पूर्ण ओढल्यावर छिद्र डोळ्यासमोर सरळ न येता तिरकं वळतं. मग ड्रॉ थोडा वाढतो, कॅमची वेळ चुकते आणि बाण पूर्वीच्या जागी लागत नाहीत. मऊ केसमध्ये घरातच ठेवा, दोरीला महिन्यातून एकदा बो-वॅक्स चोळा, कॅमजवळची गुंडाळी मात्र कोरडी सोडा. बो-वॅक्सच्या जागी मेणबत्ती नको, ती पावडर होऊन निघते.

जागेबाबत कडक राहा. सेकंदाला 250 फूट म्हणजे ताशी सुमारे 275 किलोमीटर. मनीष नगरच्या गच्चीवरून चुकलेला बाण कोणाच्या अंगणात पडेल याचा भरवसा नाही. शेत असेल तर मातीचा उंच बांध मागे घ्या, पोत्यात चिंध्या गच्च ठोसून लक्ष्य करा, आणि बाण काढायला सगळे एकत्रच पुढे जा. मित्रासोबत एल्कचा सराव करायचा तर पुठ्ठ्याचा आकार उभा करा, पुढच्या पायामागे जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढा. गुडघ्यावर बसून दोरी ओढा, मित्राने 45 पर्यंत मोजायचं, मगच सोडायचं. 30 यार्डांवर पाचही बाण त्या वर्तुळात बसल्याशिवाय 40 वर जाऊ नका.

वापरलेलं घेत असाल तर कापसाचा बोळा दोन्ही लिंबांच्या काठावर फिरवा. फायबर फाटलं असेल तर कापूस अडकतो. एकदाही रिकामी दोरी सुटलीय का हे थेट विचारा, उत्तरात अडखळले तर धनुष्य परत टेबलावर ठेवा.