जनरेटरच्या टाकीतलं डिझेल टिकवायचं कसं: स्टॅबिलायझर, बायोसाइड की नुसती निगा?

सोसायटी किंवा लहान रुग्णालयाच्या जनरेटरला बहुधा 990 लिटरची टाकी असते. कारण कायद्यात आहे. डिझेल पेट्रोलियमच्या ‘ब’ वर्गात येतं. एकूण साठा 2500 लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही.

आधी खपाचा हिशोब करा. 125 केव्हीएचा संच चाचणीपुरता पंधरवड्याला अर्धा तास कमी लोडवर चालवला, तर महिन्याला साधारण दहा-बारा लिटर जातात. वीज फारशी जात नसेल तर भरलेली टाकी संपायला सात वर्षं लागतील. डिझेल मात्र स्वच्छ, कोरड्या टाकीत सहा महिने ते वर्षभरच भरवशाचं राहतं. टाकीतलं डिझेल सहा महिन्यांत संपून नवं भरलं जात असेल तर डिझेलमध्ये मिसळायचं कुठलंच अ‍ॅडिटिव्ह घेऊ नका. ते पैसे फिल्टरवर घाला. त्याहून जास्त काळ पडून राहणार असेल, तर पुढची तुलना तुमच्या कामाची आहे.

डिझेल दोन वेगळ्या कारणांनी बिघडतं. एक, हवेतल्या ऑक्सिजनमुळे: रंग गडद होतो, डिंकासारखा चिकट थर धरतो, आम्लता वाढते. दुसरं, तळाच्या पाण्यामुळे: पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) असतं. ते काढताना ऑक्सिडेशन रोखणारे काही नैसर्गिक घटकही जातात. या डिझेलमध्ये 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल (वनस्पती तेल वगैरेंपासून केलेलं इंधन) चालतं. ते पाणी जास्त धरतं आणि लवकर ऑक्सिडाइज होतं.

स्टॅबिलायझर

हे फक्त पहिल्या बिघाडावर चालतं. यातले अँटिऑक्सिडंट ऑक्सिडेशनची साखळी तोडतात. काही बाटल्यांत तांब्याला निष्प्रभ करणारा घटकही असतो, कारण तांबं आणि पितळ हा बिघाड वेगाने वाढवतात. डिझेल ताजं असतानाच ते घालावं लागतं. काळवंडलेलं डिझेल यातून परत येत नाही, आणि विक्रेता काहीही म्हणाला तरी बुरशीवर याचा उपयोग नाही. घालायची वेळ म्हणजे टँकर येतो तेव्हा: मोजलेली मात्रा आधी टाकीत, मग वरून डिझेल, म्हणजे ते आपोआप मिसळतं.

विदर्भात याचं महत्त्व जास्त. साठवणक्षमता तपासण्याच्या एएसटीएम डी 4625 चाचणीत 43 अंश सेल्सियसला ठेवलेला एक आठवडा 21 अंशांवरच्या एका महिन्याइतका धरतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातली पत्र्याची टाकी दिवसा त्या तापमानाला सहज पोचते. म्हणून बाटली आणायच्या आधी टाकीवर छप्पर घाला.

बायोसाइड

हे बुरशी आणि जिवाणू मारणारं, म्हणजे दुसऱ्या बिघाडाचं औषध आहे आणि गरज दिसल्याशिवाय घालू नये. तळातून पारदर्शक काचेच्या बाटलीत अर्धा लिटर नमुना काढा आणि तासभर स्थिर ठेवा. पाणी आणि डिझेलच्या मध्ये बुळबुळीत, दोऱ्यांसारखा थर दिसला, सडक्या अंड्याचा वास आला किंवा फिल्टर काळ्या गाळाने वारंवार तुंबत असेल, तर बायोसाइड लागेल.

क्रम चुकवू नका. आधी पाणी काढा, मग मोजून मात्रा घाला, पंपाने डिझेल टाकीतल्या टाकीत फिरवा आणि लेबलवर लिहिला असेल तितका वेळ थांबा; बहुधा तो एक ते तीन दिवस असतो. त्यानंतर मेलेली बुरशी सुटून फिल्टरमध्ये येते. दोन-तीन जादा फिल्टर हाताशी नसतील तर हे काम सुरूच करू नका, नाहीतर ऐन वेळी वीज गेल्यावर संच बंद पडेल. थर जाड असेल तर टाकी उघडून धुणं टळत नाही.

मात्रेचा हिशोब दोघांनी तपासावा. 100 पीपीएम म्हणजे 1000 लिटरला 100 मिलिलिटर. फेब्रुवारी 2020 मध्ये लंडनच्या गॅटविकहून उडालेल्या एअरबस ए321 ची दोन्ही इंजिनं हवेत बिघडली. तपासात निघालं की टाक्यांमध्ये बायोसाइड शिफारशीच्या 38 पट गेलं होतं. आयसोथायझोलिनोन प्रकारचं बायोसाइड त्वचा भाजतं आणि अ‍ॅलर्जी करतं, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. बायोसाइड मिसळलेलं पाणी गटारात ओतू नका. ते घातक कचऱ्यात जातं.

पाणी ‘संपवणारी’ बाटली

इथे दोन उलट प्रकार एकाच नावाने विकले जातात. डिमल्सिफायर पाणी वेगळं करून तळाशी बसवतं. पुढे ते काढता येतं. इमल्सिफायर पाण्याचे बारीक थेंब डिझेलमध्ये मिसळून इंजिनमधून जाळायला पाठवतं. कॉमन रेल इंजिनला (ज्यात एकाच नळीतून खूप दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) दुसरा प्रकार घालू नये: पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरला ते थेंब पकडता येत नाहीत आणि इंजेक्टरचे अचूक भाग गंजतात, झिजतात. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेली बाटलीही नको. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, खाली येतो.

सीटेन किंवा मायलेज वाढवणाऱ्या बाटल्यांचा साठवणुकीशी संबंध नाही.

नुसती निगा

आमच्या मते पहिला खर्च इथेच करावा. नव्या डिझेलमध्ये किलोला 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. 990 लिटरला हे दीडशे ग्रॅमच्या वर जातं. त्यात पावसाळी हवा व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) आत येते आणि रिकाम्या पत्र्यावर दव धरतं. महिन्यातून एकदा, कोकणात पावसाळ्यात दर आठवड्याला, डिपस्टिकला पेट्रोल पंपावर वापरतात ती वॉटर पेस्ट लावून तळ तपासा. रंग बदलला तर ड्रेन प्लगमधून पाणी काढा. प्लगपर्यंत हात पोचत नसेल तर हातपंपाची नळी सर्वात खोल कोपऱ्यात सोडा. व्हेंटला ट्रान्सफॉर्मरवर असतो तसा हवेतला ओलावा शोषणारा सिलिका जेल ब्रीदर लावा. टाकी गॅल्व्हनाइज्ड नको. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखा गाळ करतं.

फिल्टर यंत्रातून डिझेल फिरवून घेणं, म्हणजे पॉलिशिंग, पाणी आणि गाळ काढतं; विरघळलेली आम्लता तशीच राहते. लिटरला 90 रुपये धरले तर भरलेली टाकी 89,000 रुपयांची. त्यामुळे पाणी-गाळ असलेल्या पण रंग न बदललेल्या डिझेलला पॉलिशिंग परवडतं. काळवंडलेल्यावर तो खर्च करू नका, ते बदला.

खप कमी असेल तर आणखी एक मार्ग आहे: 200 ते 300 लिटरची छोटी टाकी. वर्षाला सव्वाशे-दीडशे लिटर जात असतील तर तिच्यातलं डिझेल दीड-दोन वर्षांत संपतं, आणि प्रत्येक भरणीला स्टॅबिलायझर पुरतं. मोठा राखीव साठा बंधनकारक असलेल्या रुग्णालयाला मात्र ताज्या डिझेलमध्ये स्टॅबिलायझर, नियमित पाणी काढणं आणि सहा महिन्यांनी तळाच्या नमुन्याची चाचणी, हे तिन्ही लागतं. बाटली कुठलीही घ्या, आधी इंजिनच्या पुस्तिकेत अ‍ॅडिटिव्हबद्दल काय लिहिलंय ते वाचा. वॉरंटी त्यावर अवलंबून असते.