लिनक्स कर्नलमधले पर-सीपीयू काउंटर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आमचं कर्नल मॉड्यूल ब्लॉक लेयरमध्ये, म्हणजे डिस्ककडे जाणारं वाचन-लेखन हाताळणाऱ्या थरात, बसतं. प्रत्येक आयओ (वाचण्या-लिहिण्याची एक विनंती) त्यातून जातो, आणि प्रत्येक व्हॉल्यूमचे रीड, राइट, बाइट्स, एरर, चालू आयओ असे आकडे ठेवावे लागतात. आधी हे सगळे साधे ॲटॉमिक काउंटर होते, म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून अखंडपणे बदलायचा एकच आकडा. आता बरेच महिने सगळं पर-सीपीयू पद्धतीने (प्रत्येक कोअरला वेगळा आकडा) चाललंय, म्हणून सविस्तर लिहितो.

बदल का केला ते आधी. जास्त कोअरच्या सर्व्हरवर पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सचं साधन) लावला की आकडा वाढवणारी एक ओळ प्रोफाइलमध्ये वर यायची. त्याच्या ॲनोटेटमध्ये, म्हणजे सूचनानिहाय यादीत, नमुने लॉक प्रीफिक्सवाल्या (ॲटॉमिक बदल करणाऱ्या) सूचनेच्या पुढच्या सूचनेवर पडलेले दिसायचे, कारण नोंद थोडी पुढे घसरते. कोअरमधली अशी ओढाताण दाखवणारं पर्फ सीटूसी चालवल्यावर चित्र स्पष्ट झालं: ६४ बाइटची एकच कॅशे लाइन (प्रोसेसर मेमरी ज्या तुकड्यांत हलवतो तो एक तुकडा), आणि ती सगळ्या कोअरमध्ये सतत फिरतेय. प्रत्येक कोअरला लिहिण्याआधी ती लाइन दुसऱ्याकडून ओढून आणावी लागते. कोअर वाढवले की आयओ वाढण्याऐवजी ही ओढाताणच वाढते. शिवाय शेजारचे काउंटर त्याच लाइनवर असल्याने, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही तेही अडकायचे.

पर-सीपीयूमध्ये प्रत्येक कोअरचा स्वतःचा आकडा असतो. ६४-बिट एक्स८६ वर ‘धिस सीपीयू इंक’चं (आपल्या कोअरचा आकडा एकने वाढवणाऱ्या कर्नलच्या सोयीचं) डिसअसेम्ब्ली बघा: जीएस सेगमेंटवरून पत्ता घेणारी एकच सूचना, लॉक प्रीफिक्स नाही. एकच सूचना असल्याने मध्येच इंटरप्ट आला किंवा टास्क दुसऱ्या कोअरवर गेलं तरी आकडा बिघडत नाही. एका व्हॉल्यूमचे ६४-बिटचे आठ काउंटर आम्ही एकाच स्ट्रक्चरमध्ये, कॅशे लाइनच्या सीमेवर बसवले. एका आयओत तीन-चार काउंटर बदलले तरी हात एकाच लाइनला लागतो. पर्फच्या यादीतून ती ओळ गेली ती गेलीच. लिहिण्याच्या बाजूने माझी काहीही तक्रार नाही.

खरा कस वाचताना लागतो. बेरीज करायला सगळ्या कोअरचे आकडे गोळा करावे लागतात, आणि वाचणारा प्रत्येक लाइन शेअर्ड अवस्थेत (अनेक कोअरकडे प्रत, थेट लिहिता येत नाही) आणून ठेवतो. मग मूळ कोअरला पुढच्या वेळी लिहायला ती पुन्हा आपल्या ताब्यात घ्यावी लागते. एका ग्राहकाकडची मॉनिटरिंग स्क्रिप्ट सगळ्या व्हॉल्यूमचे आकडे फार लवकर लवकर वाचायची, तेव्हा हा खर्च डोळ्यांना दिसला. वाचनाचं अंतर वाढवल्यावर प्रश्न मिटला. बेरीज करताना फक्त ऑनलाइन कोअर फिरू नका, शक्य असलेले सगळे फिरा. नाहीतर एखादा कोअर ऑफलाइन केला की त्याचा हिशेब गायब होतो आणि एकूण आकडा मागे जातो.

जिथे वारंवार वाचायचं आहे तिथे कर्नलचा तयार ‘पर्सीपीयू काउंटर’ घ्या. त्यात एक मध्यवर्ती आकडा असतो, आणि कोअरचा स्थानिक आकडा बॅचएवढा झाला की तो लॉक घेऊन त्यात मिळवला जातो. बॅच म्हणजे ३२ किंवा कोअरच्या दुप्पट, यातलं जे मोठं ते. ६४ कोअरवर बॅच १२८, म्हणजे झटपट वाचलेला आकडा ८१९२ च्या आसपास चुकू शकतो. आलेखासाठी हे चालतं, मर्यादा पाळायला नाही. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम मोकळ्या जागेचा आकडा अशाच काउंटरमध्ये ठेवते, आणि जागा संपत आली की अंदाजावर न थांबता पूर्ण बेरीज करते. मला ही रचना फार आवडते: अचूकतेचा खर्च गरज पडेल तेव्हाच.

चालू आयओच्या आकड्याला मात्र जपा. आयओ एका कोअरवर सुरू होतो, दुसऱ्यावर संपतो. त्यामुळे एखाद्या कोअरचा आकडा ऋण असणं नेहमीचंच. बेरीज चालू असताना आकडे बदलत राहतात, म्हणून क्षणभर एकूणही ऋण दिसू शकतं. दाखवण्यापुरतं शून्याखाली न जाऊ देणारं वाचन पुरतं. पण व्हॉल्यूम बंद करताना ‘सगळे आयओ संपले का’ हे या आकड्यावर कधीही ठरवू नका. त्यासाठी ‘पर्सीपीयू रेफ’ हा वापरात असलेले संदर्भ मोजणारा काउंटर आहे: एरवी पर-सीपीयू चालतो आणि किल केल्यावर (बंद करायला घेतल्यावर) ॲटॉमिक होतो, त्यामुळे शून्य म्हणजे खरंच शून्य.

जुन्या ३२-बिट बोर्डांवर ६४-बिट आकडा दोन भागांत वाचला जातो, म्हणून अर्धवट वाचला जाऊ शकतो. असं वाचन ओळखून पुन्हा वाचायला लावणारं ‘यू६४ स्टॅट्स सिंक’ लावलं की काम झालं. ६४-बिटवर त्याचा भार जवळपास नाही.

शेवटची गोष्ट अल्पायुषी ऑब्जेक्टची. कर्नल ६.२ मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीचे आकडे पर्सीपीयू काउंटरवर गेले, आणि भरपूर कोअरच्या मशीनवर फोर्क-एक्झेक (नवी प्रोसेस सुरू करणं) महाग झालं, कारण जन्मताना प्रत्येक कोअरसाठी जागा घ्यायची आणि मरताना सगळ्यांची बेरीज करायची. पुढे चारही काउंटरची जागा एकदम घेण्याची सोय करावी लागली. आमचे तात्पुरते स्नॅपशॉट सेकंदभरात बनतात आणि जातात, त्यामुळे त्यांच्यावर आम्ही आजही एकच ॲटॉमिक ठेवलाय.