मुंग्यांचा स्टार्टर किट: नळ्या चोख, खाण्याच्या सूचना चुकीच्या

मुंग्या पाळायला सुरुवात करण्याच्या या किटच्या खोक्यात 16 मिमी व्यासाच्या आणि 150 मिमी लांबीच्या दोन काचेच्या टेस्ट ट्यूब येतात. सोबत तळहाताएवढी ॲक्रिलिकची पेटी, ती नळीला जोडायचा लवचिक पाइप, कापूस, चिमटा, ड्रॉपर, खाण्याच्या दोन बशा, लाल फिल्म, पीटीएफई द्रवाची (मुंग्या चढून बाहेर येऊ नयेत म्हणून कडेला लावायच्या घसरड्या लेपाची) छोटी बाटली, बियांची पुडी आणि प्लास्टरचं चार खोल्यांचं घर असतं. राणी मुंगी येत नाही आणि तेच बरोबर आहे. पाळण्यासाठी राण्या परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे. 2025 मध्ये केनियात सुमारे 5,000 राण्या कापूस घातलेल्या अशाच टेस्ट ट्यूबमध्ये लपवून बाहेर नेताना पकडल्या गेल्या आणि कोर्टाने जबर दंड केला. राणी आपल्याच परिसरातली हवी. समागमाच्या उड्डाणानंतर पंख गाळून जमिनीवर फिरणारी मिळाली तर सर्वांत उत्तम.

या किटमधली खरी कामाची वस्तू म्हणजे त्या दोन नळ्या. पहिली पिढी आणि नंतरचे कित्येक महिने वसाहत तिथेच वाढते. 16 मिमी हे माप लॅसियस (बागेतल्या लहान मुंग्या), मेसोर (बिया गोळा करणाऱ्या मुंग्या) आणि मध्यम आकाराच्या मुंगळ्यांना म्हणजे कॅम्पोनोटसना अगदी योग्य आहे. राणीला सहज वळता येतं, तरी चहूबाजूंनी भिंतीचा स्पर्श राहतो आणि तिला सुरक्षित वाटतं. दीडेक सेंटिमीटर लांबीच्या थोराड राण्यांना मात्र 20 मिमीची नळी लागते, ती वेगळी घ्यावी लागेल.

नळी कशी भरायची हे माहितीपत्रकात एका ओळीत उरकलंय. निम्म्या वसाहती इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर. तळाशी सुमारे 6 सेंमी पाणी भरा, म्हणजे साधारण 9 मिली. कापसाचा बोळा नळीच्या व्यासापेक्षा थोडा जाड करा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सावकाश पुढे सारत पाण्याला टेकवा. बोळ्याचा मागचा भाग पूर्ण ओला व्हायला हवा. पुढच्या तोंडावर बोट ठेवलं तर दमट लागावं, पण थेंब येता कामा नये. बोळा सैल राहिला तर पाणी पुढे झिरपतं आणि एका रात्रीत अंडी बुडतात. फार घट्ट ठासला तर तोंड कोरडं राहतं आणि राणीला पाणीच मिळत नाही. बोळ्यामागे हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर ती चूक लगेच दिसत नाही. खोली तापली की ती हवा फुगते आणि समोरचं पाणी कापसातून बाहेर ढकलते. उन्हात ठेवलेली नळी अचानक भरून येते ती यामुळेच. बुडबुडा राहिलाच तर नळी उभी धरून बोळा किंचित मागेपुढे करा आणि हवा बाहेर काढा.

किटमधला कापूस साधा, लांब धाग्यांचा आणि चांगला आहे. नळीच्या उघड्या तोंडाला लावायचा दुसरा बोळा मात्र सैलसर ठेवा, कारण हवा तिथूनच येते. राणी आत गेली की नळी अंधारात, हादरे बसणार नाहीत अशा जागी आडवी ठेवून द्यायची.

इथे पत्रकातली पहिली मोठी चूक लागते. ‘राणीला पहिल्या दिवसापासून मध द्या’ असं त्यात छापलंय. लॅसियस, मेसोर, कॅम्पोनोटस यांच्या राण्या स्वतःला कोंडून घेऊन वसाहत सुरू करतात. पहिल्या कामकरी मुंग्या येईपर्यंत त्यांना खाणं लागत नाही. उडण्याचे स्नायू आणि साठवलेली चरबी विरघळवून त्या अळ्यांना भरवतात. अशा राणीच्या नळीत मध टाकलात तर मध चिकटेल आणि बुरशी येईल. वर राणी रोजच्या उघडझापीने बिथरून अंडी खाऊन टाकेल. हार्पेग्नाथोस, मिर्मेसिया आणि पोगोनोमिरमेक्सच्या काही जातींच्या राण्या मात्र शिकारीला बाहेर पडतात, त्यांना सुरुवातीपासून खाणं द्यावंच लागतं. आपली राणी कुठल्या गटातली हे आधी ओळखा, मगच ड्रॉपरला हात लावा. कोंडून राहणाऱ्या राणीकडे दहा दिवसांतून एकदा, तेही मिनिटभरच बघावं.

अंड्यापासून कामकरी मुंगी व्हायला लॅसियसमध्ये 24-26 अंशांना साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मुंगळ्यांना आणखी जास्त. पहिल्या कामकरी नेहमीच खुज्या, बारीक असतात. त्यांना बघून वसाहत उपाशी आहे असं समजू नका. राणीने एकटीच्या साठ्यावर वाढवलेली ती पिढी असते, पुढच्या पिढ्या आपोआप मोठ्या होतात.

आता खाण्याकडे. किटचं पत्रक सर्वांत कमी पडतं ते इथेच. ‘आठवड्याला एक मीलवर्म (एका भुंग्याची जाड अळी) आणि रोज मधाचा थेंब’ असं त्यात म्हटलंय. आठ कामकरी असलेल्या वसाहतीला अख्खा मीलवर्म म्हणजे डोंगर झाला. त्याचं कातडं या खुज्या मुंग्यांच्या जबड्याला फाडता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो काळा पडून गळायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरी लव येते. द्यायचाच तर डोकं कापून 2-3 मिमीचा तुकडा द्यावा, मऊ बाजू वर करून. त्याहून सोयीचं म्हणजे न उडणारी चिलटं, म्हणजे फळमाश्या. आठ-दहा कामकऱ्यांना एका वेळी एक-दोन चिलटं, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरेसं होतं. आधी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मारा, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यामुळे चिलटांबरोबर येणारे माइट्स (अगदी बारीक कोळीवर्गीय किडे) मरतात आणि जिवंत किड्याच्या धडपडीत अळ्या चेंगरत नाहीत. बाहेर बागेत पकडलेले किडे देऊ नका. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असलं तर तीन-चार दिवसांत अख्खी वसाहत जाते, आणि हे आधी कळायला काहीच मार्ग नसतो.

चिलट नळीच्या तोंडाशी ठेवलं की काय होतं ते भिंग घेऊन जरूर बघा. आधी एखादी मुंगी स्पृशा टेकवते आणि मागे सरते. पुन्हा येते, पाय धरून चिलट आत ओढत नेते. मग पोटाकडचा भाग कुरतडून उघडला जातो आणि कामकरी अळ्या उचलून थेट त्या मांसावर नेऊन ठेवतात. अळ्यांची डोकी वाकतात आणि त्या खायला लागतात. मोठी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही, ती फक्त रस गाळून घेते. म्हणून वसाहतीतलं मांस मुख्यतः अळ्यांसाठीच असतं. यातूनच प्रमाणाचा नियम निघतो: प्रथिन किती द्यायचं ते कामकऱ्यांच्या संख्येवर नाही, अळ्यांच्या संख्येवर ठरवा. अळ्या नसतील, फक्त कोष असतील, तर चिलट तसंच पडून राहील.

गोड हे कामकऱ्यांचं स्वतःचं इंधन. एक भाग साखर आणि चार भाग पाणी हे मिश्रण पुरेसं आहे. मध वापरायचा तर तीन भाग पाण्यात पातळ करून. किटच्या बशा इथे नडतात. त्या 4 मिमी खोल आहेत आणि खुज्या मुंगीची लांबी तेवढीच असते. उघडा थेंब ठेवला की पाण्याचा ताण मुंगीला धरून ठेवतो आणि ती बुडते. बशीत कापसाचा पातळ थर घालून तो भिजवा, किंवा बशी बाजूला ठेवून ॲल्युमिनियम फॉइलच्या नखाएवढ्या तुकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवा. फॉइल चिमट्याने सहज उचलता येते. दोन दिवसांनी गोड काढायचंच, नाहीतर ते आंबतं. कीटकाचे उरलेले तुकडे चोवीस तासांत काढा.

पोट भरलंय का हे मुंगीच सांगते. भरल्या मुंगीचं पोट फुगून त्यावरचे गडद पट्टे एकमेकांपासून दूर जातात आणि मधला पारदर्शक पडदा दिसतो. पट्टे एकमेकांना चिकटलेले असतील तर ती भुकेली. एका मुंगीचं पोट फुगलं की थोड्या वेळात ती इतरांच्या तोंडाशी तोंड लावून तो रस वाटते. म्हणून एकीने प्यायलं तरी पुष्कळ झालं, सगळ्या बाहेर याव्यात म्हणून जास्त थेंब टाकत बसू नका. मेसोरच्या वसाहती हा रस फारसा वाटत नाहीत, त्यांच्याकडे बिया भरडून केलेला लगदा, म्हणजे त्यांची ‘भाकरी’, चालते. किटमधली बियांची पुडी फक्त त्यांच्यासाठी. पण पहिल्या खुज्या कामकऱ्यांना मोठ्या, कडक बिया फोडता येत नाहीत. सुरुवातीला बिया ठेचून किंवा खसखशीएवढ्या बारीक द्या आणि ओल्या बोळ्यापासून लांब ठेवा, नाहीतर मोड येतात. पेरणीसाठी विकतात त्या बियांना अनेकदा बुरशीनाशक लावलेलं असतं, त्या अजिबात नकोत. बिया मिळाल्या म्हणून मेसोरचं किडे खाणं थांबवू नका. अळ्यांना ते हवंच असतं.

ॲक्रिलिकच्या पेटीचं, म्हणजे अंगणाचं, माप चांगलं आहे. छोट्या वसाहतीला छोटंच अंगण हवं. मोठ्या पेटीत आठ मुंग्यांना खाणं सापडत नाही. अंगण कधी जोडायचं? दहा-पंधरा कामकरी झाल्यावर. तोवर नळीचा पुढचा बोळा हळूच काढून फॉइलवरचं खाणं आत ठेवलं तरी चालतं. पेटीच्या झाकणाची जाळी साधारण अर्ध्या मिलिमीटरची आहे. लॅसियस आणि मेसोरना ती पुरते. मोनोमोरियमसारख्या बारीक जातींना पुरत नाही: डोकं जिथून जातं तिथून मुंगी जाते. जोडपाइप आणि नळी यांच्यामध्येही केसाएवढी फट राहते, तिथे टेप गुंडाळावा लागतो. एवढ्या किमान तपशिलाकडे किट बनवणाऱ्यांनी लक्ष द्यायला हवं होतं.

पीटीएफईची बाटली अस्सल आहे. पेटीच्या आतल्या कडेला वरून 2 सेंमीपर्यंत ब्रशने एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. शक्यतो एक रात्र. जाड थर दिला तर पापुद्रे निघतात. वाळलेल्या पट्ट्याला बोट लागलं की तिथून मुंग्या चढतात. दमट हवेतही त्याचा जोर कमी होतो, म्हणून पेटीत पाणी शिंपडू नये. ‘पेटी स्पिरिटने पुसा’ ही पत्रकातली सूचना मात्र पाळू नका. कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांना अल्कोहोल लागलं की बारीक भेगांचं जाळं पसरतं आणि पेटी कायमची धुरकट होते. याच कारणाने टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा लेप, जो काचेवर छान चालतो, या पेटीवर चालणार नाही. कोमट पाणी आणि मऊ कापड बस.

लाल फिल्मबद्दल अपेक्षा कमीच ठेवा. मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही हे खरं, पण ही फिल्म पातळ आहे, इतर प्रकाशही आत जाऊ देते. त्यावर कागदाची सुरळी चढवली तर राणी शांत राहते. हादरे मात्र कुठल्याही फिल्मने थांबत नाहीत. बंद नळी हलवत नेली तर घाबरलेल्या लॅसियस किंवा मुंगळ्यांनी सोडलेलं फॉर्मिक आम्ल आत साठून त्यांनाच मारू शकतं, म्हणून प्रवासात पुढचा बोळा हवेशीर ठेवा.

ऊब द्यायची असेल तर नळीच्या कोरड्या टोकाखाली द्या. पाण्याच्या टोकाखाली दिली तर वाफ होऊन भिंतीवर थेंब जमतात आणि अंडी भिजतात. पूर्ण नळी तापवू नका. एक टोक ऊबदार, दुसरं गार राहिलं की कामकरी स्वतःच पिलावळ हवी तिथे हलवतात. अळ्या नेहमी एका टोकाशी ढीग करून ठेवलेल्या दिसल्या तर तीच त्यांच्या पसंतीची जागा. थंड प्रदेशातल्या जातींना, जसं लॅसियस नायगर, हिवाळ्यात तीन-चार महिने 5 ते 10 अंशांचा गारठा लागतो, तेव्हा ऊब बंद. या जातीची राणी कैदेत 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. उष्ण प्रदेशातल्या जातींना हा गारठा देऊ नये.

काही महिन्यांनी पाणी संपतं किंवा बोळा काळा पडतो. बोळ्यावरचा पिवळा डाग म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण काळी केसाळ बुरशी पिलावळीकडे पसरायला लागली की घर बदलावं. इथे किटमधली दुसरी नळी कामी येते. ती ताजी भरून जुन्या नळीच्या तोंडाला तोंड लावा, टेपने जोडा, नवी अंधारात आणि जुनी उजेडात ठेवा. वसाहत एका रात्रीत जाईल किंवा आठवडा लावेल. जुनी नळी आपटून मुंग्या बाहेर पाडू नका, कारण त्या झटक्यात राणीचा पाय तुटू शकतो आणि अंड्यांचा लगदा होतो.

प्लास्टरचं घर कपाटात ठेवून द्या. नळी मुंग्यांनी गच्च भरेपर्यंत, म्हणजे निदान 40-50 कामकरी होईपर्यंत, ते जोडू नका. मोकळ्या खोल्या मुंग्या कचराकुंडी म्हणून वापरतात आणि तिथे आपला चिमटा पोहोचत नाही. जोडाल तेव्हा पाणी फक्त एका कोपऱ्यातल्या छिद्रात, ड्रॉपरने दोन-तीन थेंब घाला. सगळं प्लास्टर भिजवलं की ते मऊ होतं, आणि मेसोर व मुंगळे जबड्याने भिंत पोखरून बाहेर येतात.