स्टॉक अ‍ॅक्सलवर ३५ इंची टायर: रँगलर जेकेला पेलतात का?

जीप रँगलर जेके, म्हणजे २००७ ते २०१८ ची पिढी. रुबिकॉन ही खास आडवाटेची आवृत्ती सोडली तर या सगळ्या गाड्यांना पुढे डाना ३० आणि मागे त्याहून दणकट डाना ४४ अ‍ॅक्सल (चाकं फिरवणारे शाफ्ट आणि त्यांचं हाऊसिंग) येतो. याच स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलेल्या अ‍ॅक्सलवर ३५ बाय १२.५० चे (व्यास आणि रुंदी, इंचांत), १७ इंची रिमचे टायर चढवायचे की नाही, हा या परीक्षणाचा विषय आहे. निकाल आधीच सांगतो. ३३ इंची डोळे मिटून घाला. ३५ इंचींना आमचा होकार आहे, पण टायरच्या आधी पुढच्या अ‍ॅक्सलवर खर्च करायची तयारी असेल तरच. ३७ इंची या अ‍ॅक्सलवर घालू नका.

मोठ्या टायरचा मोह पडतो त्यामागे पक्कं कारण आहे. लिफ्ट किटने (सस्पेन्शन उंच करणाऱ्या भागांनी) बॉडी आणि चासी वर जाते, पण अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा हवा, दुसरा उपाय नाही. २५५/७५ आर १७ हा रुबिकॉनचा टायर ३२.१ इंचांचा. तिथून ३५ वर गेलात की व्यासातल्या फरकाच्या निम्मं, म्हणजे जवळपास दीड इंच, गोळ्याखाली मिळतं. ३८ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. खोल चाकोरीत मधल्या उंचवट्यावर गोळा घासत जाणं आणि मोकळा निघून जाणं यांत मात्र एवढाच फरक असतो. शिवाय मोठं चाक दगडाच्या पायरीवर सहज चढतं, कारण पायरीची कड त्याला तुलनेने खाली लागते.

याची किंमत अ‍ॅक्सल मोजतो, आणि तीन वाटांनी मोजतो. पहिली वाट तरफेची: पकड तेवढीच धरली तरी त्रिज्या ९ टक्के वाढली की शाफ्टवरचा पीळ ९ टक्के वाढतो. दुसरी वाट वजनाची, आणि ही लोक विसरतात. टायरचं वजन सव्वापट झालं आणि त्रिज्या ९ टक्के वाढली, तर फिरत्या टायरचं जडत्व जवळपास दीडपट होतं. हवेत गरागरा फिरणारं चाक अचानक दगडाला लागतं तेव्हा ही सगळी साठलेली ताकद एका झटक्यात शाफ्टवर येते. शाफ्ट तुटतात ते बहुतेक अशा झटक्याने, संथ चढाईत नाही. तिसरी वाट रुंदीची: १२.५० रुंदीच्या टायरसाठी रिम बाहेर काढावी लागते, आणि चाक जेवढं बाहेर जाईल तेवढा हब बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावर) भार वाढतो.

मागच्या डाना ४४ बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ३५ इंचींना तो पुरतो. जेकेच्या आधीच्या पिढीच्या, म्हणजे टीजेच्या डाना ३५ मध्ये शाफ्ट सी-क्लिपने धरलेला असतो आणि तुटला तर चाकासकट बाहेर सरकू शकतो. जेकेच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट बेअरिंगच्या रिटेनरने बाहेरच्या टोकाला धरलेला असतो, त्यामुळे ती भीती नाही. टीजे असेल आणि मागे डाना ३५ असेल, तर मात्र हा सगळा मजकूर तुमच्यासाठी नाही. ३३ वर थांबा.

खरा प्रश्न पुढच्या डाना ३० चा. यात सगळ्यात आधी हार मानतो तो ट्यूबच्या टोकाचा सी, म्हणजे ज्यात वरखाली बॉल जॉइंट बसतात तो भाग. जड टायर घेऊन गाडी जोरात आपटली की हा सी हळूहळू उघडतो. तो तुटत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. ओळखायची खूण अशी: समोर उभं राहून पाहिलं तर टायरचा माथा आत झुकलेला दिसतो आणि आतली कड लवकर झिजते. सॉलिड अ‍ॅक्सलवर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) सेट करायची सोय नसते. फॅक्टरीत तो शून्याच्या जवळ, किंचित उणे असतो. अलाइनमेंटच्या कागदावर उणे १ अंशाच्या पुढचा आकडा दिसला तर आधी बॉल जॉइंट तपासा, आणि ते ठीक असतील तर हाऊसिंग वाकलंय असंच समजा.

म्हणून ३५ घालायच्या आधी सी-गसेट, म्हणजे सी ला आधार देणाऱ्या पट्ट्या, वेल्ड करून घ्या. काम सोपं दिसतं, पण घाईत बिघडतं. बॉल जॉइंट काढूनच वेल्डिंग करायचं, नाहीतर रबर बूट जळतात आणि ग्रीस वितळतं. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवायच्या. रंग आणि गंज ग्राइंडरने घासून चकचकीत धातू उघडा करायचा. एका दमात लांब वेल्ड मारायचा नाही. दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग वेल्ड मारला की उष्णतेने ट्यूबच ओढली जाते, आणि जो कॅम्बर वाचवायला निघालात तोच बिघडतो. जॉइंट नाहीतरी निघालेच आहेत, तर परत घालताना दणकट आणि ग्रीस भरता येणारे घाला. उड्या मारत गाडी चालवायची असेल तर ट्यूबमध्ये स्लीव्हही (आतून आधार देणाऱ्या नळ्या) हवेत. सावकाश दगड चढणाऱ्याला गसेट पुरतात.

यानंतर क्रॉस, म्हणजे पुढच्या शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. तो स्टीअरिंग सरळ असताना निवांत असतो. पूर्ण वळवून लो रेशोमध्ये (संथ, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सगळा पीळ योकच्या, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या टोकाच्या, दोन कानांवर तिरका येतो. कान किंचित फाकतात, कपाला धरणारी स्नॅप रिंग खाचेतून उडते, कप बाहेर सरकतो, आणि पुढच्या वळणावर क्रॉस कान घेऊनच तुटतो. तुटायच्या आधी तो सांगतो मात्र: पूर्ण वळणावर चाकाच्या वेगाशी ताल धरून टक्-टक् आवाज येतो. टॉर्च घेऊन प्रत्येक कप बघा. रिंग चहूबाजूंनी खाचेत पूर्ण बसलेली हवी. कपाच्या कडेला गंजाची बारीक तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत, क्रॉस बदला. स्पायसर ५-७६० एक्स हा इथला भरवशाचा क्रॉस. बदलताना पूर्ण गोल स्नॅप रिंग लावता येत असेल तर तीच लावा.

पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं उपकरण) लावायचा विचार असेल तर इथे थांबून हिशेब करा. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्यावरचा पीळही उतरतो, म्हणजे ते नकळत शाफ्टचं रक्षण करतं. लॉकर हे रक्षण काढून घेतो, आणि अ‍ॅक्सलचा सगळा पीळ एकाच चाकावर येऊ शकतो. स्टॉक शाफ्ट, ३५ इंची टायर, पुढे लॉकर आणि वळवलेलं स्टीअरिंग ही चौकडी जमली की शाफ्ट जातोच. लॉकर हवाच असेल तर क्रोमोली (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट त्याच खर्चात धरा.

गिअरिंगमध्ये लोक सर्वाधिक काटकसर करतात आणि मग टायरला नावं ठेवतात. ३२.१ वरून ३५ वर गेल्यावर ३.७३ चा अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.४२ सारखा वागतो. ३.२१ आणि २९.३ इंची टायर घेऊन आलेल्या गाडीची अवस्था आणखी वाईट. ३५ वर तो २.६९ सारखा वागतो, आणि चढावर ऑटोमॅटिक गिअर सतत वरखाली होत राहतो. कोणता रेशो हवा याचा हिशेब सोपा आहे: जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ३.७३ चा मूळ स्वभाव परत आणायला ४.०७ लागतो, पण वाढलेलं वजन आणि वारा धरून ४.५६ घ्यावा. ४.८८ ही लोकप्रिय आहे, पण रेशो वाढतो तसा पिनियन (फिरवणारा छोटा गिअर) लहान होत जातो आणि डाना ३० चा क्राऊन (त्याने फिरणारा मोठा गिअर) मुळातच लहान. म्हणून या अ‍ॅक्सलवर आम्ही ४.५६ च्या बाजूने आहोत. पुढे-मागे रेशो एकच हवा, नाहीतर फोर-बाय-फोर लावताच ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) आवळली जाईल. ३.२१ च्या गाडीला पुढे नवा कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) लागतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरा. बसवणाऱ्याकडून क्राऊनवरचा रंगाचा ठसा दाखवून घ्या, बॅकलॅशचा (दातांमधल्या मोकळ्या खेळाचा) आकडा लिहून घ्या. ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास हवा. नव्या क्राऊन-पिनियनवर पहिल्यांदा २५-३० किलोमीटर सौम्य चालवून पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किलोमीटरला तेल बदला, तोवर ओढकाम नको.

आता प्रत्यक्ष बसवणी. अडीच इंच लिफ्ट पुरते. त्याहून उंच गेलात तर पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या जॉइंटचा रबर बूट फाटायला लागतो. लिफ्टबरोबर बंपस्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारे ठोकळे) लांब केले नाहीत तर टायर मडगार्डला खातो. मूळ रिमचा ऑफसेट (हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती दूर ते; उणे म्हणजे चाक बाहेर) सुमारे अधिक (+) ४४ मिलिमीटर असतो. त्यावर एवढा रुंद टायर पूर्ण वळणावर लोअर कंट्रोल आर्मला आणि स्वे बारला घासतो. १७ बाय ९ ची, उणे १२ ऑफसेटची रिम ही अडचण सोडवते. त्याहून जास्त बाहेर काढू नका, हब बेअरिंगचं आयुष्य घटतं. किती दिसतं यापेक्षा किती टिकतं ते बघा. तपासायची खरी रीत अशी: स्प्रिंग काढा, एका बाजूचं चाक जॅकने बंपस्टॉपला टेकेपर्यंत चढवा आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही बोटभर जागा नसेल तर स्टीअरिंग स्टॉपला वॉशर घाला. वळण थोडं मोठं होईल, पण क्रॉसलाही आराम मिळेल.

लिफ्टने कॅस्टर (वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) घटतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. तो ४ अंशांच्या वर ठेवा. टो (पुढच्या चाकांच्या टोकांची दिशा) किंचित आत, दीड ते तीन मिलिमीटर. पुढे थरथर सुटली तर डँपर बदलण्याआधी ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट १७० न्यूटन-मीटरला आवळा. भोक लंबगोल झालं असेल तर बोल्ट आवळून भागणार नाही. चाकाचे नट १३० न्यूटन-मीटरला, आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

स्पीडोमीटर सुधारला नाही तर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०९ ने पळत असेल. एईव्ही प्रोकॅलसारख्या उपकरणाने टायरचा मोजलेला व्यास आणि नवा रेशो दोन्ही भरा, मोजलेला म्हणजे बाजूवर छापलेला नव्हे. गाडी जमिनीवर उभी असताना मोजलेले ३५ इंची बरेचदा ३४.५ च्या खालीच भरतात. ब्रेकिंगचं अंतर वाढतं, त्यामुळे पॅड चांगले हवेत आणि अंतर राखायची सवय हवी. स्टेपनीही ३५ चीच घ्या. तिच्या वजनाने मागच्या दाराचे बिजागर लोंबतात, म्हणून आधार बसवा आणि तिसरा ब्रेक लाइट वर घ्या.

हवा रस्त्यावर २६ ते ३० पीएसआय. नेमका आकडा खडूने ठरवा: टायरवर आडवी रेघ ओढा, सरळ रस्त्यावर गाडी थोडी चालवा, मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. आडवाटेवर १२ ते १५. हवा उतरवलेला टायर दगडाभोवती मऊ बसतो, चाक हवेत फिरायची वेळ कमी येते, म्हणजे डाना ३० ला बसणारे झटकेही कमी होतात.

नंतर दर ५,००० किलोमीटरला पुढची चाकं जमिनीवरून उचला आणि टायर वरखाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर हब बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.