ऑपरेशन थिएटर बंद पडलं तर: घरचा डबा की जिल्हा रुग्णालय?

मार्च 2020 नंतर हर्निया, पित्ताशय, थायरॉईड अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि एमएसच्या (सर्जन होण्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) तीन वर्षांतले कित्येक महिने सर्जरीच्या रेसिडेंटांनी, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांनी, कोविड वॉर्डात काढले. पुन्हा तशी वेळ आली, तर हात कुठे चालू ठेवायचा?

पहिला मार्ग बॉक्स ट्रेनर: लॅपरोस्कोपीचा, म्हणजे छोट्या भोकांतून दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेचा, घरगुती सराव. प्लास्टिकचा डबा, वर दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, हातात जुने ग्रास्पर, म्हणजे पकडायचे लांब चिमटे. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, ही सवय डब्यावरच लागते. आतडं जोडण्याचा सराव करायचा तर मटणवाल्याकडून वजडी आणा. टाके घाला, पाणी भरा आणि दाबा. थेंब कुठून झिरपतो ते पाहिलं की कुठला टाका लांब पडला ते कळतं. रोज अर्धा तास पुरतो, मात्र खाडा नको. पण वजडीला रक्त येत नाही. समोर रक्त साचून काहीच दिसेनासं होतं तेव्हा काय करायचं, ते डबा शिकवत नाही.

वेबिनार थिअरीच्या पेपरसाठी उत्तम. हातासाठी नाही.

दुसरा मार्ग कोकणातलं जिल्हा रुग्णालय. 2020 च्या नियमांनी पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं काम, आलीच आहे. साथ असो नसो, इथे आंबा काढताना माणसं पडतात, कोयता लागतो, अपेंडिक्स फुटतं. टाळेबंदीत एसटी बंद, म्हणून पेशंट उशिरा यायचे. त्यात पोटात भरायच्या गॅसमधून आणि शस्त्रक्रियेतल्या धुरातून विषाणू पसरेल या धास्तीने सुरुवातीला लॅपरोस्कोपी बऱ्याच ठिकाणी टाळली जायची. त्यामुळे पोट उघडून, पू काढत, चिकटलेलं आतडं बोटाने अलगद सोडवायला रेसिडेंट शिकले. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं. शिवाय रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पेशंट पाठवायचा, तर तो वाटेत टिकेल इतका आधी सावरावा लागतो. तेही सर्जनचंच काम.

केसेस मोठ्या शहरापेक्षा कमी मिळतील, गुंतागुंतीच्या तर फारच कमी. तरीही निवड असेल तर मी जिल्हा रुग्णालयच सांगेन, आणि डबा सोबत न्या.

फक्त जाण्याआधी तिथल्या रेसिडेंटला एक विचारा: रात्री दोन वाजता पोट उघडलं, तर टेबलापलीकडे सिनियर उभे असतात का? ‘फोनवर असतात’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नका.