लास व्हेगासचं निऑन म्युझियम: संध्याकाळीच जा

व्हेगासला गेलात तर कसिनोतला एक तास कमी करा पण हे बघाच. जुन्या हॉटेल-मोटेलच्या भंगारात जाणाऱ्या निऑनच्या (रंगीत उजेडाच्या नळ्यांच्या) पाट्या वाचवायच्या म्हणून शहरातल्या कलाप्रेमी लोकांनी वर्षानुवर्षं खटपट केली, पाट्या बनवणाऱ्या यस्को कंपनीनेही यार्डात साठवलेल्या जुन्या पाट्या दिल्या आणि 1996 मध्ये ही ना-नफा संस्था उभी राहिली. आत शिरतो ती लॉबीसुद्धा वाचवलेलीच आहे, ला कोंचा मोटेलची, 1961 ची, आर्किटेक्ट पॉल विल्यम्सने डिझाइन केलेली, पाडणार होते तर तुकडे करून इथे आणून परत जोडली!

जुन्या पाट्या मांडलेल्या मागच्या अंगणाला बोनयार्ड म्हणतात. मुलां रूज कसिनोची पाटी जवळून बघा, पाट्यांची डिझायनर बेटी विलिसने काढलेली ती गुलाबी वळणदार अक्षरं. 1955 मध्ये गोऱ्या-काळ्यांना एकत्र प्रवेश देणारं हे शहरातलं पहिलं कसिनो, त्यामुळे मला तिथून हलवेचना. काही अक्षरांचा रंग पापुद्रे निघून गंजलाय, बल्बची रिकामी होल्डर्स दिसतात, आणि ते तसंच ठेवलंय हे मला फार आवडलं.

बऱ्याच पाट्या पेटत नाहीत, खालून लाइट सोडलेत. पण ज्या दुरुस्त केल्यात त्या लागल्या की अंगावर काटा येतो. नळीत खरा निऑन वायू असला की उजेड लाल-केशरी असतो, निळ्यासाठी आर्गॉन वायू आणि थोडा पारा, आणि काचेची नळी आजही ज्योतीवर तापवून हातानेच वाकवतात.

उन्हाळ्यात दुपारी अजिबात नको, भाजून निघाल. तिकीट वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढा.